खिरवडकरांचा उजवा डोळा

गुणवंत खिरवडकर भित्रा माणूस होता, असं कुणी म्हटलं तर दिल्लीतली निम्मी मराठी मंडळी हसली असती. कारण त्यांनी खिरवडकरांना पाहिलेलं असायचं ते मांडवात, आंतरपाटाच्या बाजूला, छाती काढून मंगलाष्टकं म्हणताना. आवाज असा खणखणीत की माईकवाला बिचारा उगीच उभा आहे असं वाटावं. पहाडगंजातला हॉल असो की रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरांमधली कनात, मराठी घरात लग्न ठरलं की आधी तारीख, मग खिरवडकर आणि मग आचारी. हातात कधी कागद नसायचा. सगळं तोंडपाठ.

या पाठांतरावरच त्यांनी सरकारी नोकरी मिळवली होती, आणि त्यांच्या भीतीचं मूळही तिथंच होतं. खिरवडकरांचा डावा डोळा दिसायला चांगला होता, पण कामाचा नव्हता. नागपुरात लहानपणी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आलं तोवर डॉक्टरांनी सांगितलं, या डोळ्याला बघण्याची सवयच लागली नाही, आता लागणार नाही. त्या डोळ्यानं माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण उभा आहे ते कळायचं नाही. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत आधी उजव्या डोळ्यानं तक्ता वाचायला लावला. खिरवडकरांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि वाचता वाचता पाठ केला. मग उजव्यावर हात ठेवायला सांगितलं तेव्हा तोच तक्ता, मध्ये जरा अडखळत, म्हणून दाखवला. डॉक्टरनं 'फिट' असा शेरा मारला.

नोकरी लागली, पण त्या दिवसापासून हा माणूस सुखानं झोपला नाही. आज ना उद्या कुणीतरी आपल्या उजव्या डोळ्यावर हात ठेवेल आणि विचारेल, 'सांगा, समोर काय आहे?' या एका प्रश्नाची त्यांनी आयुष्यभर धास्ती घेतली. लग्नानंतर बायकोला, चंद्रप्रभाबाईंना, हे सांगितलं तेव्हा त्या आधी रडल्या, मग रागावल्या आणि मग म्हणाल्या, "चलो, उजव्याला जपू." त्या दोघांचा संसार म्हणजे, खरं सांगायचं तर, त्या एका डोळ्याचीच राखण होती. दिवाळीत खिरवडकर गॅलरीत यायचे नाहीत. होळीला बाथरूमची कडी आतून लागायची. स्कूटरवर काळा चष्मा असायचाच, म्हणून ऑफिसातले लोक त्यांना 'हीरो' म्हणायचे. हीरोच्या पोटात किती गोळे उठतात हे हीरोच्या बायकोलाच ठाऊक होतं.

मुलगा इंद्रजित भोपाळला इंजिनिअरिंगला गेला, आणि सरकारी क्वार्टरात किती दिवस काढायचे म्हणून खिरवडकरांनी वैशालीत फ्लॅट घेतला. वैशाली म्हणजे यमुनेपलीकडे, दिल्लीची हद्द संपते तिथं, गाझियाबादात. सगळीकडे अर्धे उभे राहिलेले टॉवर, वाळूचे ढीग, दुकानादुकानापुढं धडधडणारे जनरेटर. स्वतःचं घर म्हणून चंद्रप्रभाबाई खूश होत्या. धुळीला मात्र त्या शत्रू मानायच्या. खिडक्यांच्या फटींत त्यांनी जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबून ठेवल्या होत्या. पण डोळ्यावर घाला आला तो धुळीतून नाही, मांडवातून.

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर. मुलगी करोलबागेतल्या मराठी घरातली, मुलगा राजौरी गार्डनचा पंजाबी. लग्न दोन्ही पद्धतींनी. पंजाबी दोस्तमंडळींना हातात अक्षता दिल्या आणि सांगितलं, 'सावधान' ऐकलं की टाकायच्या. आता आपल्याकडे अक्षता टाकतात त्या चिमटीनं, अर्ध्या तर पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोक्यावर पडतात. या पोरांना कुणी चिमूट दाखवलीच नाही. त्यांनी मुठी भरल्या आणि विकेटवर चेंडू फेकावा तशा फेकल्या. चौथ्या मंगलाष्टकाला खिरवडकरांचं तोंड उघडं, डोळे उघडे, आणि एक कोरडा कडक दाणा सरळ उजव्या बुबुळावर.

त्यांनी म्हणणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर लोक धावले असते, कुणी फुंकर घातली असती, कुणी पापणी वर करून विचारलं असतं, आता दिसतंय का, आता? म्हणून डोळा मिटून त्यांनी उरलेली मंगलाष्टकं पुरी केली. सभागृहाला वाटलं, खिरवडकर आज फारच रंगलेत. फक्त चंद्रप्रभाबाईंच्या लक्षात आलं की सूर एकदा गिळला गेला.

दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, "डिस्पेन्सरीत चला."

"अगं, सरकारी डिस्पेन्सरी आहे ती. एक डोळा दाखवायला गेलो की दोन्ही तपासणार. रेकॉर्डवर येणार."

"येऊ दे रेकॉर्डवर! वीसाच्या वर वर्षं झाली नोकरीला."

"म्हणूनच म्हणतो. आता काढलं तर पेन्शनही गेली."

असं काही झालं असतं का, देव जाणे. बहुधा नसतं. पण भीती जुनी झाली की माणूस तिला अक्कल समजू लागतो. खिरवडकर डिस्पेन्सरीत गेले नाहीत. ते वैशालीच्या मार्केटातल्या केमिस्टकडे गेले. केमिस्टनं डोळ्याकडे लांबूनच पाहिलं आणि एक छोटी बाटली पुढं केली, गुलाबी टोपणाची, आत दुधासारखं पांढरं औषध. "हिलाकर डालिए अंकल, मोती जैसी साफ हो जाएगी."

आणि काय सांगावं, झालीच. दोन थेंबांत ठणका कमी, चार दिवसांत लाली कमी. खिरवडकरांनी केमिस्टला दुवा दिला. मग एका सकाळी दाढी करताना आरशात बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. त्यांनी आणखी थेंब टाकले. ठिपका वाढला. मग असा ठणका सुरू झाला की चंद्रप्रभाबाईंनी त्यांचं काहीएक ऐकलं नाही. हाताला धरलं आणि दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, कामाच्या ओझ्यानं वैतागलेली, पण हात हलका होता. तिनं डोळा पाहिला, अक्षतेच्या दाण्याची गोष्ट ऐकली आणि चंद्रप्रभाबाईंच्या पिशवीतली ती बाटली हातात घेतली. "दाने से फंगस लगा है. और ये किसने दी? इसी दवा ने आपकी आँख खाई है."

ती पुढंही बरंच काही समजावत होती. औषध काय करतं, कुठं चालतं, कुठं चालत नाही. पण ते दोघांनीही ऐकलं नाही. 'आँख खाई है' या शब्दांपाशी दोघंही थिजले होते. घरी जाताना चंद्रप्रभाबाईंनी ती बाटली पुलावरून नाल्यात फेकली आणि फेकताना तिला शिव्या दिल्या.

मग डॉक्टरणीनं डावा डोळा तपासायला घेतला. खिरवडकरांच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बताइए, सामने क्या है?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नानं झोप उडवली तो असा, फाईल चाळता चाळता, कुणीतरी सहज विचारला. चंद्रप्रभाबाईंनीच सांगितलं, "ये बचपन से नहीं है. बस वही एक थी."

डॉक्टरीण म्हणाली, "अच्छा." एवढंच. पुढं ऑफिसलाही कळलं, रजा मिळाली, पेन्शनला कुणी हातसुद्धा लावला नाही.

फंगस आटोक्यात आलं, पण बुबुळ पांढरं पडलं. खिरवडकरांच्या जगावर दाट साय धरली. खिडकी कुठं आहे ते कळायचं, तिच्यातून काय दिसतं ते नाही. गॅसच्या आवाजाला ते दचकायचे. जिना उतरताना पुढची पायरी नाहीच अशा खात्रीनं पाय टाकायचे. चंद्रप्रभाबाई भाजीला गेल्या आणि त्यांना यायला उशीर झाला की घाम फुटायचा; ही रस्त्यात पडली, गाडीखाली आली, तर आपल्याला कळवायला कोण येईल आणि आलेला माणूस कोण हे आपल्याला कळेल कसं? आवाज तर पार बसला. मांडवात दणाणणारा माणूस घरात पाणीसुद्धा कुजबुजत मागू लागला.

उपाय एकच होता. मेलेल्या माणसाच्या डोळ्याचं स्वच्छ बुबुळ, कॉर्निया म्हणतात ते, या डोळ्यावर बसवायचं. डॉक्टरणीनं नाव लिहून घेतलं आणि एकुलता एक डोळा म्हणून जरा वरही घातलं. पण कधी, ते सांगेना. "अंकल, छपरा से लेकर अंबाला तक के लोग यहाँ बैठे हैं. उतनी आँखें आती ही नहीं."

माणसं मरत नव्हती असं थोडंच आहे. खाली तळमजल्यावर त्यागीजींचे वडील गेले. ऐंशीच्या पुढचे, पण रोज उन्हात बसून चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचणारे. खिरवडकर बायकोचा हात धरून भेटायला गेले. बायका रडत होत्या, उदबत्तीचा वास येत होता, आणि खिरवडकरांच्या मनात एकच विचार: हे डोळे आता हिंडन नदीच्या काठावर जळणार. त्यांना स्वतःची किळस आली. समोर कुणाचा बाप गेलाय आणि आपण त्याच्या पापण्यांखाली बघतोय! पण मन हटेना. शेवटी त्यांनी त्यागीजींना बाजूला घेऊन चाचरत विचारलंच. बाऊजींचे डोळे... मला मिळणार नाहीत, ते रांगेतल्या कुणाला जातील, पण...

त्यागीजी म्हणाले, "बाऊजी होते तो हाँ ही कहते." आणि त्यांनी खरोखरच दिल्लीतल्या एका नेत्रपेढीला फोन लावला.

"पता बताइए," पलीकडून आवाज आला. त्यागीजींनी सांगितला. "वैशाली? वो तो यूपी हो गया जी. हमारी गाड़ी बॉर्डर तक ही आती है. आप मेरठ में पूछ लीजिए."

मेरठचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. हद्दीचा नाका घराच्या गच्चीवरून दिसत होता. रिक्षावाला ती हद्द रोज किती वेळा ओलांडायचा. दूधवाला, सिमेंटचे ट्रक, वऱ्हाडं, सगळे ओलांडायचे. डोळ्यांना तेवढी मनाई होती. गावाकडून आलेले नातेवाईक कुरकुरू लागले, देर हो रही है, आणि बाऊजींना उचललं.

या प्रकारानं खिरवडकरांच्या वाट्याला आणखी एक भीती आली. कॉलनीत कुजबुज सुरू झाली. ते संध्याकाळी खाली फिरायला निघाले की बाकांवरच्या म्हाताऱ्यांना सुना घरात बोलवून घ्यायच्या. एकदा कुणी पोरगी म्हणालीसुद्धा, "आ गए आँखवाले अंकल." खिरवडकरांनी फिरणं बंद केलं. कारण पोरगी खोटं बोलत नव्हती. खोकल्याचा आवाज आला की त्यांचे कान टवकारायचे, आणि टवकारले की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

अशात बडोद्याहून खंडेरावांचा फोन आला. खंडेराव हे चंद्रप्रभाबाईंचे थोरले भाऊ. मराठी घरं बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली, तशातले. "गुणवंतराव, तुम्ही तिथं कशाला कुजत बसलात? इकडे या. इथं मयताच्या घरूनच नेत्रपेढीला फोन जातो. सुतक बाजूला, आधी डोळे."

खिरवडकरांना खरं वाटेना. त्यांनी दिल्लीच्या डॉक्टरणीला विचारलं. तिनं मान हलवली. "सही कह रहे हैं. उधर मिल जाती है. पर अंकल, ये कुर्ता नहीं है कि सिल गया तो पहन लिया. बरसों दिखाना पड़ता है. यहाँ से बड़ौदा कितनी बार जाएँगे? लाल हो, धुंधला हो, तो उसी दिन किसी को दिखाना. समझे?"

समजले. म्हणजे भीतीपोटी सगळंच समजले असं म्हणाले.

बडोद्यात तसंच झालं. इस्पितळात खिरवडकर खाटेवर पडून ऐकायचे. फोन वाजायचा, कुणीतरी बर्फाचा डबा उचलायचं, स्कूटर चालू व्हायची, आणि तासा-दोन तासांत ती परत यायची. दूध घालायला जावं इतकी साधी गोष्ट. कुणाचा आवाज चढायचा नाही, कुणी कुठल्या हद्दीचं नाव काढायचं नाही. पुढच्या जन्मी आंधळे होऊ, असं या लोकांना वाटत नाही का, असं खिरवडकरांनी विचारलं. खंडेरावांनी उत्तर दिलं, "वाटत असेल. पण शेजारच्यांनी दिले, त्यांच्या शेजारच्यांनी दिले, मग आपण नाही म्हणायला लाज वाटते." दिल्लीच्या रांगेत खिरवडकर कधीपासून बसले होते, आणि इथं पुरती ओळखपाळख व्हायच्या आत त्यांना ऑपरेशनला नेलं.

पट्टी निघाली तेव्हा समोर चंद्रप्रभाबाई उभ्या होत्या. खिरवडकर बघतच राहिले. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. आंधळेपणाच्या त्या महिन्यांत बायको म्हातारी झाली आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. ते रडायला लागले, तशी डॉक्टरांनी तंबी दिली, रडायचं नाही, टाके आहेत.

घरी निघताना बडोद्याच्या डॉक्टरांनी चार गोष्टी घोकून घेतल्या. लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं. परकं बुबुळ आहे, शरीर कधीही त्याला हाकलू बघेल. यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. आणि थेंब, मी सांगेपर्यंत बंद करायचे नाहीत. इस्पितळातल्याच दुकानातून त्यांनी निळ्या टोपणाच्या बाटल्या दिल्या.

वैशालीत परत आल्यावर लोकांनी पेढे मागितले. खिरवडकर ऑफिसला जाऊ लागले. पण भीती गेली म्हणता? ती आता कुठं वयात आली होती. आधी दाणा, धूळ, फटाका यांची भीती होती. ते सगळे बाहेरचे. आता शत्रू घरात होता. आपलंच रक्त, आपल्याच डोळ्यात, त्या अनोळखी पाहुण्याला कधी बाहेर काढील याचा नेम नव्हता. सकाळी जाग आली की ते आधी डावा डोळा मिटायचे आणि उजवा हळूच उघडायचे. समोरच्या अर्ध्या टॉवरवर मजूरबायका कपडे वाळत घालायच्या. त्या कपड्यांच्या कडा रेखीव दिसल्या की दिवस सुरू. चंद्रप्रभाबाई हातातलं काम थांबवून दारात उभ्या असायच्या. ते "बिल्कुल साफ" म्हणाले की मगच चहाचं आधण चढायचं.

निळ्या टोपणाच्या बाटल्या संपत आल्या. बडोद्याची चिठ्ठी घेऊन चंद्रप्रभाबाई मार्केटात गेल्या, मुद्दाम जुन्या केमिस्टला टाळून दुसऱ्याकडे. त्यानं चिठ्ठी वाचली, आत गेला आणि काउंटरवर बाटली ठेवली. गुलाबी टोपण. आत दुधासारखं पांढरं.

चंद्रप्रभाबाईंनी ती परत सरकवली. "ये नहीं. नीले ढक्कनवाली."

"मैडम, दवा वही है. कंपनी दूसरी है बस."

आता विचार करा. ज्या बाटलीनं नवऱ्याचा डोळा खाल्ला तीच बाटली, आणि दुकानदार म्हणतो दवा वही है. यातून कुठलीही शहाणी बाई काय अर्थ काढील? एकतर हा लुच्चा आहे, नाहीतर अडाणी आहे. बाईंनी बाटली घेतली नाही. घरी येऊन धापा टाकत सगळं सांगितलं. खिरवडकरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बडोद्याला फोन करू या का?" त्या म्हणाल्या.

"करू. पण बघ ना, डोळा छान आहे. दिसतंय साफ. बाकीची औषधं आहेतच. उगीच डॉक्टरांना वाटायचं, आपण त्यांच्या चिठ्ठीवर शंका घेतोय."

"आणि ते घालाच म्हणाले तर?"

खरी गोष्ट ती होती. ते 'घालाच' म्हणाले तर काय करायचं, याची दोघांनाही धास्ती होती. म्हणून फोन राहिला. निळी बाटली संपली, आणि ते थेंब बंद झाले. दिल्लीची डॉक्टरीण त्यांच्या लेखी लाली आली तरच गाठायची होती, आणि आसपास कुणाला विचारावं असं कुणी नव्हतं. ज्यांनी डोळा दिला ते बडोद्यात, आणि ज्या गावात तो राहायला आला तिथं चष्म्याच्या दुकानांपलीकडे डोळ्याचं जाणणारं कुणी नाही.

मे महिना निम्मा गेला आणि एका सकाळी खिरवडकरांनी उजवा डोळा उघडला तेव्हा टॉवरवरचे कपडे नव्हते. म्हणजे होते, पण त्यांना कडा नव्हत्या. त्यांनी डोळा मिटला, पुन्हा उघडला. दारात चंद्रप्रभाबाई वाट पाहत होत्या. त्यांना "बिल्कुल साफ" ऐकू आलं नाही. त्या जवळ आल्या, पापणी वर केली. बुबुळाच्या कडेनं लाली आली होती. खिरवडकरांनी उजेडाकडून तोंड फिरवलं.

"अहो," एवढंच त्या म्हणाल्या.

लूचा गरम वारा सुटला होता. नाक्यापर्यंत रिक्षा, पुढं बस, बसमध्ये खिरवडकरांच्या तोंडावर ओला टॉवेल. खिरवडकरांच्या मनात एकच हिशेब चालला होता: कुणीतरी मरताना दिलं, ते आपण घालवलं. आता दुसरं कोण देणार आणि का द्यावं?

डॉक्टरीण तीच होती. तिनं यंत्रातून बराच वेळ पाहिलं. "कौन-सी ड्रॉप चल रही है?"

चंद्रप्रभाबाईंनी सगळं सांगितलं. केमिस्टला आपण कसं ओळखलं, ती बाटली कशी परत केली. सांगताना त्यांचा आवाज जरा ताठ होता. त्यांना वाटत होतं, निदान एवढी चूक तरी आपण होऊ दिली नाही.

डॉक्टरीण ऐकत राहिली. मग तिनं खुर्ची बाईंकडे वळवली. "आंटी, वो सही कह रहा था. वही दवा है. नीली भी वही थी."

ती सावकाश सांगू लागली, आणि या वेळी दोघंही ऐकत होते. फंगस होतं तेव्हा शरीर त्याच्याशी लढत होतं, या औषधानं शरीराचे हात बांधले, म्हणून डोळा गेला. आता शरीर नव्या बुबुळाशी लढतंय. आता त्याचे हात बांधायलाच हवेत. दुसरं काही याला थांबवत नाही. "समय पर पकड़ में आ गया है. ज़्यादातर वापस साफ हो जाता है. लेकिन अभी से, हर घंटे. रात को भी. घर जाकर नहीं, यहीं बाहर बैठकर पहली बूँद डालिए."

चंद्रप्रभाबाईंनी इस्पितळाच्या दुकानातून औषध आणलं. खिरवडकर व्हरांड्यात बाकावर बसले होते. आजूबाजूला पट्ट्या बांधलेले, काळे चष्मे घातलेले लोक, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला, जिथून नाव पुकारतात तिकडे.

"आणलं?"

"आणलं."

"कुठल्या टोपणाचं?"

त्या बोलल्या नाहीत. खिरवडकरांना समजलं.

त्यांनी मान मागं टाकली. पापणी दोन बोटांनी ताणून धरली. उन्हाची तिरीप भाल्यासारखी आत घुसत होती. डॉक्टरीण हुशार होती, तिचं म्हणणं पटलंही होतं. पण पटणं डोक्यात असतं, आणि थेंब पडणार होता डोळ्यात. या बाटलीनं एकदा त्यांच्या जगावर साय चढवली होती. आता पुन्हा तीच, त्याच डोळ्यात. बाटलीचं सील तुटल्याचा आवाज आला. बाटली हलवल्याचा आवाज आला. ते थेंबाची वाट पाहत राहिले.

थेंब पडला नाही.

"काय झालं? टाक ना."

बाजूला बांगड्या किणकिणल्या.

"अगं, पडला नाही. चुकला का?"

"चुकला नाही," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. आवाज जवळून येत होता, पण वरच्या दिशेनं; त्यांचीही मान मागं होती. "थांबा जरा. पहिला मी माझ्या डोळ्यात टाकलाय."

खिरवडकर ताडकन सरळ झाले. धुरकट उजेडात त्यांना तिचा नुसता आकार दिसला, एक हात तोंडाशी नेलेला. भीतीनं त्यांचा आवाज फुटला. मांडवातला, विसरून गेलेला तो आवाज व्हरांडाभर घुमला आणि लोकांनी वळून पाहिलं.

"वेड लागलंय का तुला? काही झालं असतं म्हणजे?"

"ओरडू नका. बाटलीचं तोंड डोळ्याला लागलं नाहीये, वरून टाकलाय." त्या डोळा पुसत होत्या. मग हळू आवाजात, जणू घरातली एखादी साधी सोय सांगावी तशा म्हणाल्या, "मला दोन आहेत हो."

खिरवडकरांनी बायकोचा हात चाचपून धरला. थोडा वेळ दोघंही तसेच बसून राहिले, तिच्या डोळ्याला काही होतंय का याची वाट पाहत. मग त्यांनी मान पुन्हा मागं टाकली आणि पापणी उघडी धरली.